५५०० फुटांवर हात कुठे गेला पाहिजे? : स्कायडायव्हिंग शिकणाऱ्यांची प्रश्नोत्तरे

अमेरिकेत शिकायला निघालेल्या वाचकांचे प्रश्न यावेळी जास्त आहेत. त्यामुळे उत्तरांतले आकडे तिथल्या युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशनच्या, म्हणजे यूएसपीएच्या, चौकटीतले आहेत.

आधी टॅन्डम उडी मारावी की थेट कोर्सला बसावे?

दोन्ही चालते. टॅन्डममध्ये तुम्ही प्रशिक्षकाला बांधलेले असता, पॅराशूट आणि निर्णय दोन्ही त्याच्या हातात असतात. पण दारातला वारा आणि आवाज एकदा ओळखीचा झाला की पहिल्या स्वतंत्र उडीत डोके शाबूत राहते, म्हणून आम्ही आधी एक टॅन्डम सुचवतो. एएफएफ (अ‍ॅक्सिलरेटेड फ्री फॉल), म्हणजे पहिल्या उडीपासून स्वतःच्या पॅराशूटने शिकण्याच्या पद्धतीत, जमिनीवरचा वर्ग पाच-सहा तासांचा असतो. त्यानंतर साधारण १३,००० फुटांवरून उडी. पहिल्या काही उड्यांत दोन प्रशिक्षक दोन्ही बाजूंनी धरून असतात, पण पाठीवरचे पॅराशूट तुमचे आणि ते उघडायचे तुम्हीच. ५५०० फुटांपर्यंत जेमतेम ४५ सेकंद मिळतात. तेवढ्या वेळात मनगटावरचा उंचीमापक वारंवार वाचणे हाच पहिला धडा.

पॅराशूट उघडलेच नाही तर?

सगळ्यात जास्त आलेला प्रश्न. पाठीवरच्या पेटीत दोन पॅराशूट असतात, एक मुख्य आणि एक राखीव. ५५०० फुटांवर उजवा हात मागे नेऊन हँडल ओढायचे आणि पायलट शूट, म्हणजे मुख्य पॅराशूट बाहेर खेचणारी छोटी छत्री, वाऱ्यात सोडून द्यायचे. हँडल हाताला लागले नाही तर जास्तीत जास्त दोनदा प्रयत्न, मग थेट राखीव. तिसऱ्यांदा चाचपडत बसू नका. ताशी १९० किलोमीटर वेगाने पडताना हजार फूट साडेपाच सेकंदांत सरतात.

उघडले की वर पाहून तीन गोष्टी तपासा. छत्री पूर्ण आहे का, चौकोनी आहे का, वळते आणि ब्रेक घेते का? दोऱ्यांना पीळ पडला असेल तर रायझर (खांद्यापासून दोऱ्यांपर्यंत जाणारे पट्टे) फाकवून पाय झाडा, पीळ सुटतो. छत्रीच्या कडेचे कप्पे बंद असतील किंवा स्लायडर (उघडताना दोऱ्यांवरून खाली सरकणारे कापड) वरच अडकला असेल तर दोन्ही टॉगल, म्हणजे वळण्या-थांबण्याच्या दोऱ्यांच्या मुठी, पूर्ण ओढून धरा आणि सोडा. २५०० फुटांपर्यंत छत्री ताब्यात आली नाही तर निर्णय झाला: आधी उजवीकडचे कटअवे हँडल (मुख्य पॅराशूट सोडून देणारे), मग डावीकडचे राखीवचे. १००० फुटांखाली मात्र कटअवे करू नका, थेट राखीव उघडा.

विद्यार्थ्याच्या पेटीत स्वयंचलित यंत्रही असते. फ्री फॉलच्या, म्हणजे पॅराशूट न उघडता पडण्याच्या, वेगाने कोणी ७५० फुटांपर्यंत आला तर ते राखीव उघडते. विद्यार्थ्यांसाठीच्या यंत्राला कमी वेगही पुरतो, म्हणून उतरताना खाली येऊन जोरात गिरक्या घेऊ नका. दोन्ही पॅराशूट एकाच वेळी बाहेर येऊ शकतात.

पाय मोडायची भीती कितपत खरी?

खरी आहे, आणि ती न उघडलेल्या पॅराशूटपेक्षा जास्त विचार करण्यासारखी आहे. बहुतेक दुखापती व्यवस्थित उघडलेल्या छत्रीखालीच होतात. १००० फुटांवर वाऱ्याच्या दिशेने जायचे, ६०० ला आडवे वळायचे, ३०० ला वाऱ्याला तोंड द्यायचे. त्याखाली मोठे वळण नाही, कारण वळताना छत्री सूर मारते आणि सावरायला उंची उरत नाही. चुकीच्या शेतात उतरलेले परवडते!

साधारण दहा-बारा फुटांवर दोन्ही टॉगल सावकाश खाली ओढत फ्लेअर करा, म्हणजे टेकण्याआधी वेग कमी करा. पायाखाली पाहत राहिलात की जमीन अंगावर येते असे वाटते आणि फ्लेअर लवकर होतो, म्हणून नजर पुढे ठेवा. लवकर झालाच तर टॉगल वर सोडू नका, आहे तिथेच धरून ठेवा. पाय आणि गुडघे जुळवून कुशीवर लोळण घ्या. एकट्याने उडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी वाऱ्याची मर्यादा ताशी १४ मैल आहे. दिवसभर थांबावे लागले तरी थांबा.

वजन ९२ किलो आहे. चालेल का?

बहुतेक ठिकाणी चालते, पण मर्यादा वेगवेगळ्या असतात. आधी विचारा. ९२ किलो म्हणजे २०३ पौंड, साहित्याचे सुमारे ३० पौंड धरून २३३. सुरुवातीला छत्रीच्या दर चौरस फुटाला एक पौंडाहून जास्त भार नको, म्हणजे २४० चौरस फुटांची छत्री मागा.

स्कायडायव्हर शीतल महाजन यांनी नऊवारी नेसून उडी मारली. मग जंपसूटची सक्ती का?

२०१८ मध्ये थायलंडमध्ये त्यांनी ती उडी मारली तेव्हा पाठीशी शेकडो उड्यांचा अनुभव होता. शिकाऊ माणसाचे सैल कापड वाऱ्यात उडून नेमके हँडल झाकते.

दोन आठवड्यांच्या सुट्टीत परवाना मिळेल?

हवामान साथ देईल तर. 'ए' या पहिल्या परवान्याला २५ उड्या, लेखी-तोंडी परीक्षा आणि स्वतः पॅराशूट घडी करता येणे लागते. ढगांमुळे दिवस वाया जातातच, म्हणून परतीचे तिकीट बदलता येईल असे काढा. अर्धवट सोडून ३० दिवसांपेक्षा जास्त खंड पडला, तर पुढची उडी पुन्हा प्रशिक्षकाच्या थेट देखरेखीखाली.