वेस्ट व्हर्जिनियातील हार्पर्स फेरी या जेमतेम तीनशे वस्तीच्या गावात एवढा इतिहास का घडला?

याचे उत्तर बव्हंशी भूगोलात आहे. पोटोमॅक आणि शेनांडोआ या नद्यांचा संगम जिथे ब्लू रिज डोंगररांग भेदून पुढे जातो, त्या चिंचोळ्या जिभेवर हे गाव वसले आहे. पाण्याच्या याच जोरावर चालणारा शस्त्रनिर्मितीचा सरकारी कारखाना अठराव्या शतकाच्या अखेरीस येथे उभारण्यात आला.

गुलामगिरीविरुद्ध सशस्त्र उठाव घडवू पाहणाऱ्या जॉन ब्राउनने ऑक्टोबर १८५९ मध्ये छापा घातला तो याच शस्त्रांसाठी, आणि शेवटी तो ज्या बंबखान्यात पकडला गेला ती विटांची छोटी इमारत आज 'जॉन ब्राउनचा किल्ला' म्हणून दाखवली जाते. गंमत म्हणजे हा 'किल्ला' १८९३ च्या प्रदर्शनासाठी उचलून शिकागोला नेला होता. तो परतला खरा, परंतु मूळ जागेवर रेल्वेचा भराव पडल्याने आता थोडा बाजूला उभा आहे.

तिन्ही बाजूंच्या उंचवट्यांमुळे गावाचे रक्षण करणे मात्र अवघड होते. अमेरिकी यादवी युद्धात, सप्टेंबर १८६२ मध्ये, दक्षिणेकडील बंडखोर राज्यांचा सेनानी स्टोनवॉल जॅक्सन याने तेथे तोफा चढवताच संघराज्याच्या, म्हणजे उत्तरेच्या, सुमारे १२,५०० सैनिकांना शरण जावे लागले. वेळ थोडा असल्यास निदान जेफरसन रॉक या खडकापर्यंत चढून संगम पाहावा.