व्हेप हाती असूनही सिगारेटची तलफ
प्रश्न : मी लंडनमध्ये नोकरी करतो. सिगारेट सोडून व्हेप (ई-सिगारेट) वापरू लागलो. तरी चहानंतर सिगारेटची तलफ येतेच. दिवाळीत पुण्याला यायचे आहे. काय करावे?

उत्तर : सिगारेटच्या धुरातील निकोटीन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते, तर व्हेपमधून ते त्यामानाने सावकाश मिळते, त्यामुळे सवयीने भराभर झुरके घेतल्यास समाधान होत नाही आणि तलफ मागे उरते. झुरका संथ व लांब घ्यावा, आणि व्हेपच्या द्रवातील निकोटीन आपल्याला अपुरे तर पडत नाही ना, हे तपासावे. ब्रिटनमध्ये त्याची कमाल मर्यादा मिलिलिटरला २० मिलिग्रॅम आहे. तेवढ्यानेही भागत नसेल, तर एनएचएसच्या (ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या) धूम्रपानमुक्ती सेवेत निकोटीन पॅचची (त्वचेवर चिकटवायच्या पट्टीची) जोड देण्याविषयी विचारावे. चहानंतरची तलफ मात्र बरीचशी सवयीची असते. कप खाली ठेवताच जागेवरून उठावे, बडीशेप चघळावी. तलफ बहुधा काही मिनिटांत ओसरते. मित्राने पुढे केलेली ‘एखादीच’ सिगारेट आम्हाला अधिक धोक्याची वाटते.

भारतात २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटच्या आयातीवर व विक्रीवर बंदी आहे, म्हणून व्हेप सामानात आणू नये. निघण्याच्या पुरेसे आधी डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅच किंवा निकोटीनच्या च्युइंगगमवर यावे.