कामाच्या जागी : ‘पोरगं कामाला चोख आहे, पण मालक म्हणतात काढून टाका’

प्रश्न : ताई, नमस्कार. जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या सीड टेस्टिंग लॅबचा मी इनचार्ज. माझ्या हाताखाली एक मुलगा आहे, बीएस्सी अ‍ॅग्री, वय २४. उगवण चाचणीचं काम बघतो. कामाला एकदम चोख. पण बोलताना नजर वर करत नाही, सकाळी कुणी ‘काय म्हणता’ म्हटलं तर उत्तर देत नाही. मे महिन्यात सॅम्पलांचा ढीग लागतो, मला कामाचा क्रम दिवसातून कितीदा तरी बदलावा लागतो. तेव्हा हा हातपाय गळाल्यासारखा बसून राहतो. शेजारच्या शेडमधलं ग्रेडिंगचं मशीन सुरू झालं की कानांवर हात. मध्यंतरी मालक वितरकांना घेऊन लॅब दाखवायला आले. म्हणाले, “आपल्या सोयाबीनची उगवण ९० च्या खाली नसतेच.” हा मागून म्हणाला, “परवाचा लॉट ७८ आहे.” तेव्हापासून मालकांचं एकच, काढून टाका. बाकीची पोरं त्याला ‘रोबोट’ म्हणतात. मोबाइलवर वाचून मला वाटायलंय की हा ऑटिझमचा प्रकार असावा. डॉक्टरकडं पाठवू का? वडील घनसावंगीकडचे शेतकरी आहेत, त्यांना बोलावून सांगू का?
— एक इनचार्ज, जालना

उत्तर : इनचार्जसाहेब, आधी मालकांचं बघू. ७८ हा आकडा खरा होता ना? तो खोटा होता असं तुमच्या पत्रात कुठंच नाही. सोयाबीनला किमान ७० टक्के उगवण लागते, म्हणजे लॉट पास होता. त्या मुलानं लॅबचं जे काम आहे तेच केलं, फक्त वेळ आणि जागा मालकांना आवडली नाही. पाहुण्यांसमोर मालकांचं बोलणं खोडू नये, हा नियम तुमच्या कंपनीत कुणी कुणाला सांगितलेला नाही. बाकीच्यांनी तो आपापला उचलला, याला तो कळला नाही. मग सांगून टाका. शब्द असे वापरा : “पाहुणे असताना एखादा आकडा चुकीचा वाटला तर तेव्हा बोलू नकोस. ते गेले की लगेच मला येऊन सांग.” ‘जरा बघून वागत जा’ म्हणालात तर त्याच्या हाती काहीच लागणार नाही. काय बघायचं, कुठं बघायचं, हे त्या वाक्यात नाहीच.

आता डॉक्टर. नका पाठवू. त्याला ऑटिझम, म्हणजे आपण स्वमग्नता म्हणतो ते, असेल किंवा नसेलही. पत्र वाचून मला ते ठरवता येत नाही आणि मोबाइलवर वाचून तुम्हालाही येणार नाही. त्याला स्वतःला तपासून घ्यावंसं वाटलं तर तो जाईल. तुमच्या हातात त्याच्या कामाची मांडणी आहे, आणि ती बदलायला कुणाच्या सर्टिफिकेटची गरज नाही. वडिलांना तर अजिबात बोलावू नका. नोकरीतल्या माणसाचं काही खटकलं की घरी निरोप धाडायचा, ही आपल्या भागातली सवय मला फार टोचते. २४ वर्षांचा, पगार घेणारा माणूस आहे तो. त्याच्याबद्दल जे बोलायचं ते त्याच्याशीच बोला.

कसं बोलायचं? केबिनमध्ये अचानक बोलावून समोर बसवू नका. आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा : “उद्या ४ वाजता १५ मिनिटं बोलू. विषय, लॅबमधलं काम सोपं कसं करता येईल. तक्रार काही नाही.” आणि दोनच गोष्टी विचारा. काम करताना कशानं अडतं? काय बदललं तर बरं पडेल? उत्तर लिहून द्यायचं असेल तर लिहून घ्या. तो खिडकीबाहेर बघत बोलला तर बघू द्या. नजरेला नजर देताना काही जणांचं ऐकण्यातलं लक्ष उडतं. खाली बघणारा माणूस तुमचा शब्द न् शब्द ऐकत असू शकतो. सकाळच्या नमस्काराचंही तेच. तो काही लॅबच्या कामाचा भाग नाही, सोडून द्या.

मे महिन्याची गोष्ट मात्र नीट बघायला हवी, कारण खरं दुखणं तिथं आहे. एका सॅम्पलच्या ४०० बिया. शंभराच्या चार वळकट्या ओल्या कागदात गुंडाळून जर्मिनेटरमध्ये, म्हणजे उगवणीच्या कपाटात. सोयाबीनची पहिली मोजणी पाचव्या दिवशी, शेवटची आठव्या. समजा हा तिसरी वळकटी उलगडून बसलाय. कोंब डावीकडं, बिघडलेले उजवीकडं, कुजलेल्या बिया वेगळ्या. तेवढ्यात तुम्ही दारातून ओरडता, “ते राहू दे, आधी ओलाव्याची सॅम्पलं घे!” उलगडलेला कागद सुकायला लागला. मोजलेले किती आणि राहिलेले किती हे डोक्यात. कागद परत गुंडाळायचा की तसाच ठेवायचा, ही तिसरी वळकटी मोजली धरायची की नाही, यातलं काहीच तुम्ही सांगितलेलं नसतं. बाकीचे ‘बघू नंतर’ म्हणून उठतात. हा उठत नाही. मला विचाराल तर चाचणीच्या बाजूनं तोच बरोबर आहे.

म्हणून असं करा. मोजणीचं काम तारखेला बांधलेलंच आहे, ते त्याच्याकडं ठेवा आणि घाईची सॅम्पलं दुसऱ्याच्या टेबलावर वळवा. दिवसाचा क्रम सकाळी फळ्यावर लिहा. बदल करायचाच असेल तर दुपारच्या जेवणानंतर एकदाच करा आणि तोही फळ्यावर लिहून. मध्येच अडलं तर एवढं तरी पुरतं सांगा : हातातली वळकटी संपव, मग अमुक घे, मोजणीला ४ वाजता परत ये. तुम्हीच बघा, याचा फायदा सगळ्या लॅबला होईल. क्रम सारखा बदलला की बाकीच्यांच्याही चुका होतातच, ते फक्त बसून राहत नाहीत म्हणून दिसत नाही.

आवाजासाठी कानावर लावायचे इअरमफ सेफ्टीच्या सामानात स्वस्तात मिळतात. एकट्यासाठी आणू नका, चारपाच आणा आणि दारामागं खुंटीला लावा, ज्याला हवे त्यानं घ्यावेत. वाळूजच्या ज्या कारखान्यात मी कामगार कल्याणाचं काम केलं, तिथं पेंट शॉपमधला एक जण कॅन्टीनमध्ये जेवायचाच नाही. लोक म्हणायचे, आढ्यताखोर आहे. विचारलं तेव्हा कळलं की स्टीलची ताटं एकावर एक आपटल्याचा आवाज त्याला सहन होत नव्हता, डोकं धरून बसावं लागायचं. त्याची जेवणाची सुट्टी पाव तास अलीकडं घेतली, कॅन्टीन रिकामं असायचं तेव्हाची. कंपनीचा एक रुपया खर्च झाला नाही आणि माणूस रोज गरम जेवायला लागला.

‘रोबोट’ हे आजच बंद करा. त्या मुलाबद्दल भाषण देऊ नका, ‘तो वेगळा आहे, सांभाळून घ्या’ असंही म्हणू नका. तुमचा संशय लॅबभर पसरवायचा तुम्हाला अधिकार नाही. सरळ सांगा, या लॅबमध्ये माणसाला नावानं हाक मारायची. पुन्हा ऐकू आलं तर जो म्हणाला त्याला बाजूला घेऊन विचारा. टीममध्ये काय खपतं हे इनचार्जच्या तोंडाकडं बघून ठरतं. तुम्ही हसलात तर ते चालू राहील.

एक गोष्ट मनापासून सांगते. ‘त्याची नजर बारीक आहे, त्याच्यासारखी मोजणी कुणाला जमत नाही, म्हणून ठेवा’ असं मालकांना सांगू नका. उद्या त्याची मोजणी चारचौघांसारखी झाली तर काय, त्याचा हक्क संपला? नेमलेलं काम तो नीट करतो, नोकरी टिकायला एवढं पुरे.

मालकांना दोन गोष्टी सांगा. पहिली कायद्याची. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, १९ एप्रिल २०१७ पासून लागू. त्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत आणि स्वमग्नता त्यातलं एक. समान संधीचं धोरण जाहीर करणं खासगी आस्थापनांनाही बंधनकारक आहे. २० किंवा जास्त माणसं कामाला असतील तर सोयी काय देणार, समन्वय अधिकारी कोण, हेही त्यात लिहावं लागतं. तुमच्या कंपनीत असा कागद आहे का, एवढं फक्त विचारा. दुसरी गोष्ट धंद्याची. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून मराठवाड्यातून तक्रारींवर तक्रारी आल्या, औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. ते दिवस जालन्यातल्या बियाणेवाल्यांना आठवत असणारच. ७८ ला ७८ म्हणणारा माणूस लॅबमधून काढला, तर बाकीचे काय शिकतील ते मालकांनीच ठरवावं.

प्रश्न : ताई, मी लातूरच्या एका पतसंस्थेत काउंटरला आहे. शाळेत असताना मला डिस्लेक्सियाचं, म्हणजे वाचनलेखनातल्या अडचणीचं, सर्टिफिकेट मिळालं होतं, दहावीला जादा वेळ मिळाला. ग्राहक तोंडी आकडा सांगतात तेव्हा माझ्या हातून ३६ चे ६३ होतात, संध्याकाळी रोजकीर्द जुळत नाही. मॅनेजरसाहेबांना सांगू का? घरी लग्नाचं बघतायत, आई म्हणते बाहेर बोलू नकोस.
— एक वाचक, लातूर

उत्तर : लेकी, सांगायचं की नाही हे तुझं तू ठरव, सांगायची सक्ती कुणीच करू शकत नाही. मात्र सोय मागायला डिस्लेक्सियाचं नाव घ्यावं लागतंच असं नाही. “साहेब, तोंडी आकड्यात चूक होते, ग्राहकानं स्लिपवर लिहिलेलाच आकडा मी घेईन, आणि नोंद झाली की एकदा वाचून दाखवीन,” एवढं म्हण. पैशाच्या काउंटरवर हे कुणालाही पटेल. स्क्रीनवरची अक्षरं मोठी करून घे, व्हाउचरच्या ओळीखाली पट्टी धर. मोठ्या रकमेची नोंद दुसऱ्याच्या नजरेखालून जाऊ दे.

आणि ३६ चं तू मनाला लावून घेऊ नकोस. आपण ‘छत्तीस’ म्हणतो तेव्हा कानावर आधी सहा पडतो आणि हातानं आधी तीन लिहायचा असतो. ‘त्रेसष्ट’ला उलटं. ज्यांना वाचनलेखनात अडचण नाही त्यांनाही लहानपणी हे घोटवून घ्यावं लागलेलं असतं. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस-बावीससाठी ‘वीस एक, वीस दोन’ आलं तेव्हा राज्यभर केवढी ओरड झाली होती! मला तो बदल तेव्हाही पटला होता, आजही पटतो. तू काउंटरवर आकडे सुटे करून घे : “तीन, सहा, शून्य, शून्य, बरोबर?” ग्राहक हो म्हणाला की मग लिही.

मॅनेजरांना सांगायचं ठरवलंस तर लेखी सांग आणि माहिती त्यांच्यापाशीच राहावी असं त्यातच लिही. डिस्लेक्सिया ज्यात येतो ती अध्ययन अक्षमता कायद्यातल्या त्या २१ दिव्यांगत्वांमध्ये आहे, जुनं सर्टिफिकेट जपून ठेव. लग्नाचं म्हणशील तर ज्या घरात हे लपवून राहावं लागेल त्या घरात जाऊ नये असं मला वाटतं. आईशी हे शांतपणे बोल.

प्रश्न : माझ्या मुलाला एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) आहे, एमपीएससीची तयारी करतोय. दिव्यांगांच्या कोट्यातून अर्ज भरता येईल का? एक ओळखीचा माणूस पैसे घेऊन सर्टिफिकेट काढून देतो म्हणतोय.
— एक पालक, परभणी

उत्तर : त्या माणसाला आधी दारातून परत पाठवा. खोट्या प्रमाणपत्रावर मिळालेली नोकरी कधीही जाऊ शकते आणि वर गुन्हा दाखल होतो.

सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे. त्यातला १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविध दिव्यांगत्व यांच्यात मिळून आहे, आणि दिव्यांगत्व किमान ४० टक्के लागतं. नुसता एडीएचडी कायद्याच्या यादीत वेगळा दिलेला नाही, त्यामुळे तेवढ्यावर अर्ज करता येणार नाही. मात्र एडीएचडीसोबत अध्ययन अक्षमता पुष्कळ मुलांत असते आणि ती कुणी तपासलेलीच नसते. मुलाला वाचायला, लिहायला किंवा गणिताला पहिल्यापासून जड जात असेल तर सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज भरून सरकारी रुग्णालयात रीतसर तपासणी करून घ्या. जाताना शाळेतली जुनी प्रगतिपुस्तकं आणि आधी कुठं दाखवलं असेल तर ते कागद सोबत न्या.