कादंबरीकार साने गुरुजी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या गावच्या वाचनालयात साने गुरुजींची झाडून सारी पुस्तके ‘बालविभाग’ अशी पाटी लावलेल्या कपाटात आहेत, ‘आस्तिक’ आणि ‘क्रांती’देखील तिथेच. विचारणा केली तेव्हा, ‘गुरुजी मास्तर होते, त्यांचे लेखन मुलांसाठीच’ असे उत्तर मिळाले. गुरुजींना कादंबरीकार म्हणणे चुकीचे आहे काय? आणि आयुष्यभर इतके उद्योग करताना ते लिहीत तरी केव्हा?
(एक निवृत्त शिक्षक, चोपडा)

उत्तर : चुकीचे मुळीच नाही. ‘आस्तिक’मध्ये जनमेजयाच्या सर्पसत्राची कथा घेऊन आर्य आणि नाग यांच्यातील वैर व समेट रंगवला आहे, तर ‘क्रांती’त शेतकरी-कामकऱ्यांचा लढा आहे, ही पुस्तके बालविभागात ठेवणाऱ्याने ती उघडून पाहिली असतील, असे वाटत नाही. आपला दुसरा प्रश्न मात्र अधिक मोलाचा आहे, कारण गुरुजींनी लेखन हा आपला व्यवसाय कधी मानलाच नाही. त्यांचे प्रत्येक पुस्तक दुसऱ्या कुठल्या तरी कामातून निघाले आहे, आणि त्या कामांपैकी बरीचशी आपल्या खान्देशातली आहेत.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात पालगड येथे झाला. तत्त्वज्ञान विषयात एम. ए. करण्यासाठी ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले आणि १९२४ मध्ये तिथल्याच प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. शाळेचे छात्रालय त्यांच्याकडे आल्यावर त्यांच्यातला लेखक खऱ्या अर्थाने जागा झाला, असे माझे मत आहे. मुलांच्या खोल्या झाडाव्यात, वळकट्या बांधून ठेवाव्यात, कपडे धुवावेत आणि हे सारे न बोलता करावे, अशी त्यांची रीत होती. बोलायचे ते ‘छात्रालय दैनिका’त. हे दैनिक ते स्वतः हाताने लिहून काढीत. छापखाना नाही, वर्गणीदार नाहीत, वाचक म्हणजे छात्रालयातली मुले. ज्याच्यासाठी लिहिले तो वाचक डोळ्यांसमोर वावरतो आहे, उद्याचा मजकूर आजच लिहायचा आहे आणि तो कंटाळवाणा झाला तर पोरे तो वाचणार नाहीत, हे रोज पाहणाऱ्या माणसाला लेखनाची याहून चांगली शाळा कोणती मिळणार? पुढे १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिकही चालवले. ‘धडपडणारी मुले’ या कादंबरीतील मुलांत रमलेले स्वामी याच दिवसांतून आलेले आहेत.

१९३० मध्ये नोकरी सोडून त्यांनी सत्याग्रहात उडी घेतली, आणि त्यानंतरचे त्यांचे लेखनाचे टेबल म्हणजे बहुतेक वेळा तुरुंगाची कोठडी. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात तमिळ कैद्यांच्या सहवासात त्यांना त्या भाषेची गोडी लागली आणि त्यांनी तिरुवळ्ळुवरांचे ‘कुरल’ हे प्राचीन तमिळ नीतिकाव्य मराठीत आणले. ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगातली. ९ फेब्रुवारी १९३३ रोजी, गुरुवारी, लेखनाला आरंभ झाला आणि सोमवारी, १३ फेब्रुवारीला पहाटे त्यांनी लेखणी खाली ठेवली. पुस्तकाचा मोठा भाग या पाच दिवसांत उतरला. हे लेखन पाच दिवसांत झाले असले, तरी त्यामागे मुलांना रोज गोष्टी सांगण्याचा कितीतरी वर्षांचा सराव होता, हे विसरून चालणार नाही.

प्रश्न : ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक विनोबांचे की साने गुरुजींचे? आमच्याकडे यावरून वाद झाला आहे.
(एक वाचक, धुळे)

उत्तर : प्रवचने विनोबांची, लेखणी गुरुजींची. आपल्याच धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी १९३२ पासून १९ जूनपर्यंत दर रविवारी एक याप्रमाणे अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने झाली आणि गुरुजींनी ती ऐकता ऐकता टिपून घेतली. वाद मिटला असावा.

प्रश्न : मी मराठी विषय घेऊन शिकते. गुरुजींच्या कादंबऱ्यांतील पात्रे भाषणे देतात आणि पानोपानी रडतात, असे आमच्या वर्गात सर्वांचे मत पडले. तरीही त्या का वाचाव्यात?
(एक विद्यार्थिनी, जळगाव)

उत्तर : आपल्या वर्गाचा आक्षेप मला निम्मा मान्य आहे. त्यांची सज्जन पात्रे फार सज्जन असतात, आणि कथानक ऐन रंगात आले असताना मध्येच एखादे व्याख्यान सुरू होते. १९३६ च्या फैजपूर येथील काँग्रेस अधिवेशनासाठी खेडोपाडी हिंडणारा, १९३८ मध्ये अमळनेरहून ‘काँग्रेस’ साप्ताहिक काढणारा, गिरणी कामगारांच्या सभांतून बोलणारा हा माणूस कादंबरी लिहायला बसला की सभेतला आवाज घरी ठेवून येत नसे. मात्र त्यांची वाक्ये मोठ्याने वाचून पाहावीत, अशी माझी आपल्याला विनंती आहे. ती आखूड आहेत, कारण ती ऐकणाऱ्यासाठी रचलेली आहेत.

‘श्यामची आई’तला आंघोळीनंतरचा प्रसंग घ्या. ओल्या तळव्यांना माती लागेल म्हणून श्याम अडून बसतो, आई धोंडीवर आपले लुगडे पसरते आणि तो त्या लुगड्यावर पाय ठेवून उतरतो. मग पोराला ती म्हणते ते एवढेच, की पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस, तसे मनालाही जप. व्याख्यान देण्याची हौस असलेला लेखक इथे एका वाक्यावर थांबतो, आणि लुगडे लक्षात राहते. शिवाय हे पुस्तक बेचाळीस ‘रात्रीं’चे आहे, श्याम आश्रमातल्या सोबत्यांना गोष्ट सांगतो आहे, ही त्याची चौकट. त्यामुळे कोकणातले घर, तिथल्या चालीरीती, शब्द हे सारे तो जाता जाता उलगडून सांगतो. कपाशी आणि केळीच्या मुलखातल्या मुलांना पालगडची आई कळावी म्हणून ज्याने इतकी वर्षे कोकण समजावून सांगितले, त्याच्या लेखनात ही उकल आपसूक आली. आईच्या गावी राहून त्यांनी हे पुस्तक लिहिले असते, तर यातले बरेचसे ‘हे काय सांगायचे?’ म्हणून गळाले असते.

अखेरच्या वर्षांतही कामे बदलत राहिली. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून दहा दिवसांचे उपोषण, १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिकाचा आरंभ, आणि त्याच साप्ताहिकातून पुतणी सुधाला लिहिलेली पत्रे. ११ जून १९५० रोजी ते गेले. वर्गातल्या चर्चेसाठी ‘धडपडणारी मुले’ आणि ही पत्रे शेजारी शेजारी ठेवून वाचा. समोर एकच मूल असले की गुरुजींचे व्याख्यान किती आटोपशीर होते, ते दिसेल.