वाचकांचे प्रश्न : जुन्या घरातली न्हाणी

प्रश्न : बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील सुमारे साठ वर्षांपूर्वीचे एक कौलारू घर आम्ही विकत घेण्याच्या विचारात आहोत. बोलणी झाली आहेत, इसार अजून दिलेला नाही. न्हाणीत तळाशी पाझरणारा तांब्याचा बंब आहे आणि भिंतीवर एक जुना, पंधरा लिटरचा विजेचा गिझर आहे. तो चालू असताना नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. घरमालक मात्र ‘रोजच्या वापरातला आहे’ असे सांगतात. आम्ही घरात चौघे आहोत. नवा गिझर, गॅस गिझर की सोलर, यांतले काय घ्यावे?

उत्तर : काय घ्यावे याआधी त्या झिणझिण्यांकडे पाहू या. नळाला हात लावल्यावर त्या जाणवतात, याचा अर्थ वीज गिझरच्या आतून पाण्यात किंवा पत्र्यात उतरते आहे आणि तिला जमिनीत नेणारे अर्थिंग नाही किंवा निकामी झाले आहे. मालकांना विनंती करून तो गिझर आजच बंद करायला सांगा. आज झिणझिण्यांवर निभावते आहे, उद्या ओल्या फरशीवर उभे असताना तेवढ्यावर निभावेलच असे नाही.

तेवढ्या जुन्या घरांतले वायरिंग दिवे आणि पंखे यांच्या हिशेबाने केलेले असते. २ किलोवॅटचा गिझर २३० व्होल्टला जवळपास ९ अँपिअर ओढतो, ३ किलोवॅटचा १३. त्यासाठी मुख्य बोर्डापासून थेट न्हाणीपर्यंत किमान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर, १६ अँपिअरचे सॉकेट, जादा भार आला की वीज तोडणारी वेगळी एमसीबी आणि विजेची गळती होताच ती तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते. अर्थिंगचा खड्डा नव्याने करावा लागण्याचीही शक्यता आहे. हेस्कॉमच्या, म्हणजे तिथल्या वीज कंपनीच्या, बिलावर मंजूर भार (एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढता येते तो आकडा) किलोवॅटमध्ये दिलेला असतो. मजकूर कन्नडमध्ये असला तरी आकडा शोधणे अवघड नाही. तो अपुरा असेल तर वाढवून घ्यावा लागेल. परवानाधारक कंत्राटदाराकडून या सगळ्याचा अंदाज काढून घ्या आणि तो कागद समोर ठेवूनच घराच्या किमतीचे बोला. इसार दिल्यानंतर ही बोलणी फारशी फळत नाहीत.

आता खर्चाचा हिशेब. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवायला साधारण ०.७ युनिट लागते, आणि त्यात तेवढेच गार पाणी मिसळले की एका माणसाच्या आंघोळीचे ३० लिटर कोमट पाणी होते. चौघांचे मिळून दिवसाला २.८, म्हणजे महिन्याला सुमारे ८४ युनिट झाले. कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेचा लाभ घेणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा, कारण महिन्याचा वापर २०० युनिटांच्या पुढे गेला की संपूर्ण बिल भरावे लागते. फ्रिज, पंपाची मोटर आणि गिझर एकत्र आले की ती रेषा वाटते तितकी दूर राहत नाही.

म्हणून सोलरचा विचार रास्त आहे. चौघांना २०० लिटरचा संच पुरतो. पण पाण्याने भरल्यावर तो अडीचशे ते तीनशे किलोंचा होतो आणि कौलांखालचे वासे हे वजन पेलण्यासाठी घातलेले नसतात. मागच्या बाजूला स्लॅबची न्हाणी किंवा पडवी असेल तर तिच्यावर, नाहीतर जमिनीपासून उभारलेल्या लोखंडी सांगाड्यावर तो बसवावा लागतो. साध्या संचात गार पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंच असावी लागते, हे अनेकांना संच दारात आल्यावर कळते. तोंड दक्षिणेकडे हवे आणि फणसा-आंब्याची सावली त्याच्यावर पडता कामा नये. बोअरचे पाणी जड असेल तर नळ्यांत क्षार धरतात, तेव्हा पाणी आधी तपासून घ्या. शिवाय खानापूरकडचा पावसाळा तुम्हाला ठाऊक आहेच. आभाळ आठवडे-आठवडे भरलेले असते, आणि गरम पाण्याची खरी गरज नेमकी तेव्हाच असते. त्यामुळे सोलर बसवला तरी जोडीला दुसरी सोय ठेवावीच लागते.

गॅस गिझर तुमच्यासारख्या न्हाणीत मी सुचवणार नाही. हवा अपुरी पडली की जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो; त्याला रंग नाही, वास नाही, आणि दार लावून आंघोळ करणाऱ्याला शुद्ध हरपेपर्यंत काही कळत नाही. घ्यायचाच असेल तर तो न्हाणीबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा व आत फक्त पाण्याचा नळ आणावा.

माझे मत विचाराल तर आधी वायरिंग आणि अर्थिंग, मग चांगल्या प्रतीचा १५ लिटरचा गिझर. सोलर एक पावसाळा त्या घरात काढून, ऊन नेमके कुठे पडते ते पाहून.

प्रश्न (त्याच पत्रात) : बंब मोडीत द्यावा का?

उत्तर : घाई करू नका. मोडीत त्याचे फक्त तांब्याच्या वजनाचे पैसे येतील. तळाचा पाझर जाणत्या तांबटाकडून डाक (वितळवलेल्या धातूचा सांधा) लावून बंद होऊ शकतो, आणि वीज दिवसभर गेलेल्या आषाढात कोरडे जळण असेल तर तोच उपयोगी पडेल. मात्र तो न्हाणीतून हलवून परसात, पत्र्याच्या आडोशाला ठेवावा, म्हणजे धूर घरात कोंडणार नाही. आणि पाणी काठोकाठ भरल्याशिवाय कधीही पेटवू नये, नाहीतर लावलेली डाक वितळून सांधे पुन्हा सुटतील.