वाचक विचारतात: उलटी वाजणारी कॅसेट आणि दोन-तीन वर्षांत संपलेले बँड

मागच्या अंकात नव्वदच्या दशकातल्या अमेरिकन ईमो (पंकमधून आलेलं भावनाप्रधान रॉक) आणि इंडी-रॉक (मोठ्या कंपन्यांबाहेरचं रॉक) बँडांबद्दल जरा लिहिलं तर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. सगळी घेता येणार नाहीत. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलंय, कारण पत्रच तसं आहे, बाकीची पटापट घेतो.

प्रश्न: माझा आतेभाऊ नव्वदच्या दशकाच्या शेवटी इलिनॉयला शिकायला होता. तिथे त्याचा चार जणांचा बँड होता, एक सेव्हन-इंच रेकॉर्ड (दोन-चार गाण्यांची छोटी तबकडी) काढली, शिक्षण संपलं आणि बँडही संपला. आता सामान आवरताना त्याला एक कॅसेट मिळाली, वर मार्करनं "अल्बम डेमो" एवढंच. डेकवर लावली तर एका बाजूला गाणी एकदम हळू आणि जाड आवाजात वाजतात, दुसऱ्या बाजूला सगळं उलटं. टेप खराब झालीये का? एकानं सांगितलं की ओव्हनमध्ये भाजली की नीट होते. दादा तर फेकूनच द्यायला निघालाय.

दादाला आधी थांबवा, आणि ओव्हन बंद करा. तुमची टेप खराब नाहीये, तुमचा डेक चुकीचा आहे.

ही फोर-ट्रॅकवर, म्हणजे चार ट्रॅकच्या रेकॉर्डिंग मशीनवर केलेली कॅसेट आहे, लक्षणं अगदी सरळ आहेत. साध्या कॅसेटवर एका बाजूला दोन ट्रॅक (आवाजाच्या समांतर रेघा) असतात, डावा आणि उजवा, आणि कॅसेट उलटवली की उरलेल्या अर्ध्या पट्टीवर दुसऱ्या बाजूचे दोन. टास्कम कंपनीनं १९७९ साली पोर्टास्टुडिओ हे असं मशीन काढलं, त्यात हे चारही ट्रॅक एकाच दिशेनं वापरले, म्हणजे एकावर ड्रम, एकावर बास, एकावर गिटार, एकावर गाणारा, असं वेगवेगळं रेकॉर्ड करून नंतर मिक्स करता येतं आणि तेही घरी बसून, स्टुडिओचं भाडं न भरता. म्हणून साध्या डेकवर तुम्हाला पहिल्या बाजूला दोन ट्रॅक सरळ ऐकू येतात आणि पलटवल्यावर उरलेले दोन उलटे. हळू वाजतं ते वेगामुळे. साधी कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर पळते, पोर्टास्टुडिओची बरीच मशीनं त्याच्या दुप्पट पळवायची, आवाज चांगला यावा म्हणून. अर्ध्या वेगानं वाजवलं की सगळं बरोबर एक सप्तक खाली जातं, तो जाड आवाज दादाचाच आहे बरं का.

भाजण्याचं म्हणाल तर ती गोष्ट खरी आहे पण दुसऱ्या टेपची. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या काही स्टुडिओच्या रीळ टेपांमध्ये चुंबकी थर धरून ठेवणारा चिकट पदार्थ हवेतला ओलावा शोषून घेतो, टेप हेडला (टेप वाचणाऱ्या यंत्राच्या भागाला) चिकटते, चिरचिरते, आणि त्या टेपा साधारण ५०-५५ अंश सेल्सियसला काही तास गरम ठेवून तात्पुरत्या वाजवण्याजोग्या करतात, तेही नेमकं तापमान राखणाऱ्या यंत्रात, स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये नाही. कॅसेटला सहसा याची गरज पडत नाही. भाजलीत तर प्लास्टिकचं कवच वाकेल आणि मग खरंच रडायची वेळ येईल.

आता काय करायचं. कॅसेटच्या वरच्या कडेला प्लास्टिकचे दोन छोटे टॅब असतात, ते शाबूत असतील तर तोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी काही पुसलं जाणार नाही. आत टेप हेडवर दाबून धरणारा फेल्टचा छोटा तुकडा असतो तो गळून पडलाय का बघा, पडला असेल तर पट्टी दुसऱ्या कवचात घालता येते, स्क्रूवालं कवच असेल तर काम अगदी सोपं. डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. मग ज्याच्याकडे चालू स्थितीतलं फोर-ट्रॅक मशीन आहे असा माणूस शोधा, आणि त्याला पहिला प्रश्न हा विचारा की नॉइज रिडक्शन (टेपची सरसर कमी करणारी सोय) कुठलं, कारण पोर्टास्टुडिओत डीबीएक्स असायचं, फॉस्टेक्स या दुसऱ्या कंपनीच्या काही मशीनांत डॉल्बी, आणि डीबीएक्सनं केलेली टेप डीबीएक्सशिवाय वाजवली तर आवाज दाबल्यासारखा, धापा टाकत असल्यासारखा येतो. दादाला मशीनचं नाव आठवत असेल तर अर्धं काम झालं. चारही ट्रॅक वेगवेगळे, २४ बिट ९६ किलोहर्ट्झवर उतरवून घ्या, स्टीरिओ करून नको. एकदा मिक्स केलेलं पुन्हा पहिल्यासारखं सुटं होत नाही.

मशीन मिळेपर्यंत धीर धरवत नसेल तर साध्या डेकवरून दोन्ही बाजू कंप्युटरवर घ्या, उलटी बाजू सॉफ्टवेअरमध्ये सुलटी करा, दोन्हींचा वेग दुप्पट करा आणि एकावर एक ठेवा. जुळणार नाही नीट, कारण डेक दोन्ही वेळा अगदी एकाच वेगानं पळत नाही, ड्रम आणि गिटार हळूहळू एकमेकांपासून सरकत जातील, पण गाणं कोणतं आहे हे तरी कळेल. दादाला तेवढंच ऐकवा, मग फेकायचं नाव काढतो का बघू.

आणि अशा टेपा किरकोळ समजू नका. त्याच इलिनॉयमध्ये, अर्बानात, अमेरिकन फुटबॉल नावाचा बँड होता, १९९९ ला एक अल्बम काढला आणि २००० पर्यंत संपलेसुद्धा. पॉलिव्हिनिल लेबलनं (रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीनं) २०१४ मध्ये तो अल्बम वाढवून पुन्हा काढला, तेव्हा बोनस म्हणून काय दिलं तर फोर-ट्रॅकवरची अल्बमची तयारी, आणि सरावाच्या खोलीत बूमबॉक्स (मोठा कॅसेट-रेडिओ) ठेवून केलेलं रेकॉर्डिंग. म्हणजे दादाच्या कॅसेटसारखंच सामान. लोकांनी एवढी गर्दी केली की लेबलची साइट बसली.

प्रश्न: हे बँड इतक्या लवकर का मोडायचे? भांडणं व्हायची का?

काही ठिकाणी झाली असतील, पण बऱ्याचदा कारण फार साधं असायचं. अमेरिकन फुटबॉलची मुलं कॉलेजची होती, शिक्षण आटोपलं, वाटा वेगळ्या झाल्या. बँडवर पोट भरेल असं कोणाच्या डोक्यातही नव्हतं, कार्यक्रम कोणाच्या तरी घराच्या तळघरात व्हायचे, रेकॉर्ड काहीशे प्रतींत निघायची आणि कार्यक्रमालाच विकली जायची. मला यात शोकांतिका वगैरे काही दिसत नाही. उलट ज्यांनी दहा वर्षं ताणलं त्यांचे तिसरे-चौथे अल्बम ऐकून बघा, मग बोलू.

वॉशिंग्टन डीसीत राइट्स ऑफ स्प्रिंग हा बँड १९८४ ला सुरू झाला, १९८५ ला डिस्कॉर्ड लेबलवर अल्बम, १९८६ ला बंद. पण त्यातले गी पिचोटो आणि ब्रेंडन कँटी पुढे फुगाझी या बँडमध्ये गेले. शिकागोकडच्या कॅप'न जॅझ या बँडचा एकच अल्बम, १९९५ चा, आणि त्याच वर्षी बँड फुटला, पण त्यातून प्रॉमिस रिंग आणि जोन ऑफ आर्क हे बँड आले, आणि ड्रमवरचा माइक किन्सेला पुढे अमेरिकन फुटबॉलमध्ये गिटार घेऊन गायला लागला. कॅप'न जॅझचं जवळपास सगळं साहित्य १९९८ मध्ये जेड ट्री लेबलनं दोन सीडींत एकत्र केलं तेव्हा ते पहिल्यांदा सहज मिळू लागलं, म्हणजे बँड मेल्यावर तीन वर्षांनी. म्हणून म्हणतो, बँडचं नाव घेऊन शोधू नका, माणसाचं नाव घेऊन शोधा, तो आधी कुठे वाजवत होता आणि नंतर कुठे गेला ते बघत जा.

प्रश्न: एका बँडची दोनच गाणी माझ्याकडे आहेत, कुठल्याशा जुन्या फोल्डरमध्ये. नेटवर काहीच नाही. पुढे कसं शोधायचं?

नेटवर नाही यात नवल नाही. २०१९ मध्ये मायस्पेसनं (जिथे पूर्वी बँड आपली गाणी टाकायचे ती सोशल साइट) कबूल केलं की सर्व्हर हलवताना जुनं बरंच उडालं, सुमारे ५ कोटी गाणी गेली असा अंदाज छापून आला होता. नंतर इंटरनेट आर्काइव्ह या नेटवरच्या संग्रहात त्यातली साधारण ४ लाख ९० हजार परत आली, २००८ ते २०१० च्या काळातली, तिथे एकदा नक्की बघा.

नाहीतर कागद आणि प्लास्टिककडे वळा. हे बँड पुष्कळदा स्प्लिट काढायचे, एक बाजू यांची, एक बाजू दुसऱ्या बँडची, तर तो दुसरा बँड कोण हे कळलं की गाव कळतं, लेबल कळतं, साल कळतं. रेकॉर्डच्या मध्यावर, कागदी लेबलच्या कडेला जिथे खाच रिकामी फिरते तिथे नंबर कोरलेला असतो, कधीकधी एखादा फालतू विनोदसुद्धा, त्यावरून कुठल्या कारखान्यात दाबली ते काढता येतं. आत दुमडलेला झेरॉक्सचा कागद असेल तर तो स्कॅन करा. गाण्याआधी तोच हरवतो आणि नावं, पत्ता, कोणी रेकॉर्ड केलं हे सगळं त्यावरच असतं. ओकलंडच्या इंडियन समरचं बघा, १९९३-९४ मधला बँड, हळू गिटारखाली ब्लूज गायिका बेसी स्मिथची जुनी रेकॉर्ड वाजत ठेवायचे आणि मग एकदम किंचाळायचे, रेकॉर्डवर धड नावसुद्धा लिहायचे नाहीत, तरी लोकांनी सगळं जुळवत आणलं आणि २०१९ मध्ये शिकागोच्या न्यूमेरो ग्रुपनं एकत्र काढलं. त्याच लेबलनं २०२३ मध्ये अर्कान्सासच्या लिटल रॉकमधल्या एव्हरीवन आस्क्ड अबाउट यू या बँडचंही केलं. तिथून सुरुवात करा, कीबोर्ड आहे, मुलगी गाते, आणि रडगाणं असूनही पाय हलतो.

प्रश्न: हिस (टेपची सरसर) काढून साफ केलेलं ऐकावं का जसं होतं तसं?

हिस राहू द्या. हिस काढायला गेलं की झांजेची कड आणि खोलीचा आवाज पण जातो, मागे उरतं ते पाण्याखालून आल्यासारखं काहीतरी. वेग आणि हेडचा कोन बरोबर करणं ही खरी दुरुस्ती, तेवढी करा, बाकीची कलाकारी नको.

प्रश्न: (पहिलेच वाचक, पुन्हा) टेप नीट उतरली तर मी ती नेटवर टाकू का? दादा म्हणतो टाक की.

दादा एकटा मालक नाही. चार जणांनी वाजवलंय तर चौघांना विचारा, आणि ती सेव्हन-इंच ज्यानं काढली त्या लेबलशी काही कागद झाला होता का तेही बघा, बहुतेक वेळा तोंडीच असायचं पण विचारलेलं बरं. बँडचं नाव तुम्ही पत्रात लिहिलंय, ते मी म्हणूनच इथे छापलं नाही. विचारताना अजून एक विचारून घ्या, सराव कोणाच्या घरी व्हायचा. बाकीच्या टेपा असल्या तर तिथेच असतील.