शब्द बदलले, तरी चोरी कशी?

प्रश्न : सर, मी निपाणीची. एम.ए.च्या लघुशोधनिबंधासाठी इथल्या विडी कामगार स्त्रियांचा विषय घेतलाय. माझी आईही विड्या वळते. सॉफ्टवेअरच्या तपासणीत इतरांच्या लेखनाशी ३४ टक्के साम्य निघालं. मी एकही वाक्य जसंच्या तसं उचललेलं नाही, प्रत्येकातले शब्द बदललेत. दोन प्रकरणं तर कन्नड पुस्तकावरून मराठीत लिहिलीत, त्यात साम्य दाखवलेलंही नाही. मग मी चोरी कुठे केली? आणि माझी नोंदणी रद्द होईल का? सोबत काही पानं पाठवत आहे.
– एक विद्यार्थिनी, निपाणी

उत्तर : नोंदणीची भीती आधी मनातून काढा. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत साम्याला शिक्षा नाही. त्यापुढे ४० पर्यंत असेल तर सुधारून पुन्हा द्यायचं, त्यासाठी जास्तीत जास्त सहा महिने मिळतात. ४० ते ६० मध्ये वर्षभर थांबावं लागतं. नोंदणी जाते ती ६० च्या वर. शिवाय तुम्ही १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याची कलमं दोन पानं भरून उतरवली आहेत. कायद्याचा मजकूर आणि संदर्भसूची या हिशेबात धरायची नसते. ती वगळून पुन्हा आकडा काढायला सांगा.

आकडा उतरला तरी माझं समाधान होणार नाही, कारण तुमचं हे वाक्य बघा. मूळ पुस्तकात आहे : ‘विडी वळण्याचे काम घरबसल्या होत असल्यामुळे स्त्रीचे श्रम घरकामातच विरघळून जातात व मजुरीची बोलणी करण्याची तिची ताकद घटते.’ तुम्ही लिहिलंत : ‘विडी बांधण्याचे कार्य गृहातच होत असल्याने महिलेचे कष्ट गृहकृत्यातच मिसळून जातात आणि वेतनाविषयी वाटाघाटी करण्याचे तिचे सामर्थ्य कमी होते.’ अहो, हा माणूस तोच आहे, फक्त त्याला फेटा बांधलाय! वाक्याचा सांगाडा तोच, विचारांचा क्रम तोच, आणि खाली लेखकाचं नावसुद्धा नाही. वर भाषा बिघडली ती वेगळीच.

पुस्तक मिटा. पाण्याचा तांब्या भरून आणा, अंगणात एक फेरी मारा. मग शेजारच्या काकूला सांगावं तसं ते कागदावर सांगा. कदाचित असं येईल : ‘बायकांना मजुरी वाढवून मागता येत नाही, याचं एक कारण अमुक लेखकाला कामाच्या जागेत दिसतं. विडी घरी वळली जाते, म्हणून ते काम कामात धरलंच जात नाही.’ पुढे पुस्तकाचं वर्ष, पान. आणि त्याखाली तुमच्या मुलाखतींतल्या बायका काय म्हणाल्या ते. त्यांचं म्हणणं या लेखकाशी जुळत नसेल तर फारच उत्तम, तिथे तुमचा प्रबंध सुरू होतो. वाक्य स्वतःचं झालं तरी विचार त्यांचा आहे, म्हणून नाव द्यायचंच. आणि ‘विरघळून जातात’ हा शब्द इतका आवडला असेल, तर अवतरणचिन्हांत ठेवा की. त्यात लाज कसली?

उलट, जिथे गरज नाही तिथे तुम्ही संदर्भ दिलेत. तेंदूपान भिजवतात, मापानं कापतात, मजुरी हजार विड्यांवर मिळते, यासाठी तीन पुस्तकं? हे निपाणीत कुणालाही विचारा. सलग १४ शब्दांपर्यंतची सर्वसामान्य शब्दयोजना नियम सोडून देतो. काही पोरं त्याचा अर्थ १४ शब्द चोरायला मोकळीक असा लावतात. तसा तो नाही.

आता कन्नडचं. यंत्रानं मराठी मजकूर मराठीशी ताडला, त्याला काय कळणार? पण आपण बेळगावच्या मुलखात राहतो, इथे दोन्ही वाचणारे गल्लोगल्ली आहेत. हे मी अनुभवानं सांगतो. नव्यानं शिकवायला लागलो होतो तेव्हा मलप्रभेवर एका मराठी पत्रात लेख लिहिला. कणकुंबीचा उगम, तिथून कूडलसंगमपर्यंतचा प्रवास, सगळं झकास. चार दिवसांनी कन्नड शिकवणारे सहकारी चहा पिता पिता म्हणाले, ‘सर, लेख चांगला आहे. दुसरा परिच्छेद मी कन्नडमध्ये लिहिला होता, तेव्हा इतका चांगला नव्हता.’ ते हसत होते. माझा चहा घशाखाली उतरेना. उगमाचं गाव कुणाच्या मालकीचं नाही, पण नदीकडे बघण्याची ती रीत त्यांची होती, आणि मी ती माझ्या नावावर छापली होती.

तेव्हा त्या दोन प्रकरणांत जिथे ओळीला ओळ लावून भाषांतर केलंय, तो भाग अवतरण म्हणून द्या, मूळ पान लिहा, ‘अनुवाद माझा’ म्हणा. तसं केल्यावर प्रकरणात तुमचं स्वतःचं लेखन निम्मंच उरेल. उरू द्या, मुलाखती आहेत की भरायला. आणि ‘गृहकृत्य’ तेवढं काढा. आईला वाचून दाखवाल, तेव्हा हातातली विडी सोडून हसत सुटेल.